आठवड्याची पुडी

सोलापूर, १० मार्च २०२५

चि. गुरुशांत,

अनेक आशीर्वाद. नको असतील तर बाजूला काढून ठेव, पण पत्र पूर्ण वाच.

माझा नंबर तू दोन वर्षांपूर्वी ब्लॉक केलास, आणि घरातल्या सगळ्यांना माझ्याशी बोलायची बंदी घातलीस. म्हणून टपालानं लिहिते आहे. तीस वर्षं गावात टपाल वाटलंस, आलेलं पाकीट न उघडता परत पाठवणं तुझ्या हातून होणार नाही. तुझी थोरली बहीण असल्यामुळे एवढं तरी मला ठाऊक आहे.

मुद्द्यावर येते. ऋतुजाचे पाय. तुझी नात सव्वादोन वर्षांची झाली, आणि टाचा जुळवून उभी केली की तिच्या दोन गुडघ्यांमधून माझी मूठ आरपार जाईल. मनगटं जाड झाली आहेत. चार पावलं चालली की 'उचलून घे' म्हणून रडते. हे मला कुणी सांगितलं ते तू शोधत बसशीलच, म्हणून मीच सांगते. तुझ्या सुनेनं. पायलनं शेजारणीच्या फोनवरून मला फोटो पाठवले. तिला एक शब्द बोललास तर बघ. नवरा पुण्याला नोकरीला, सासरा असा तऱ्हेवाईक, त्या पोरीनं करावं तरी काय?

असे पाय मी सिस्टरच्या नोकरीत पुष्कळ पाहिले. याला मुडदूस म्हणतात. व्हिटॅमिन डी कमी पडलं की हाडं मऊ राहतात आणि अंगाच्या भारानं वाकतात. आत्ता औषध सुरू केलं तर पाय बरेचसे सरळ होतील. दोन-तीन वर्षं घालवलीस तर पुढं ऑपरेशन करून हाडं सरळ करावी लागतील, नाहीतर पोरगी जन्मभर फेंगडी चालेल. यात माझ्या पदरचं काही नाही. कुठल्याही डॉक्टरला विचार.

पण तू कुठल्याही डॉक्टरला विचारणार नाहीस. पायल म्हणते, तू घरात जाहीर केलं आहेस, "सरकारी औषध माज्या उंबऱ्याच्या आत येनार न्हाय. पोरीला तेल चोळून उन्हात ठिवतो. सूर्यनारायण फुकट देतोय की."

देतो ना. सोलापूर जिल्ह्यात ऊन मागायला कुणाकडे जावं लागत नाही. कोवळ्या उन्हात बसव, मी कधी नको म्हटलं? पण एवढ्या वाकलेल्या हाडांना आता नुसतं ऊन पुरणार नाही, औषध लागेलच.

काशम्माचं जे झालं ते मी विसरले असं समजू नकोस. आठवड्याला एक घ्यायची व्हिटॅमिन डीची पुडी तुझ्या बायकोनं आठवड्याला पाच घेतल्या, त्याही चार महिने. अंगात कॅल्शियम साठलं, मूत्रपिंडांवर आलं, अकरा दिवस ती इथं दवाखान्यात होती. वाईटच झालं. पण जादा घेतलं तर कुठलंही औषध बाधणारच. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून तू उद्यापासून अळणी जेवणार आहेस का?

पायलला घेऊन सोलापूरला ये. मुलांच्या डॉक्टरांची वेळ मी घेते. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

तुझी अक्का


सोलापूर, २४ मार्च २०२५

चि. गुरुशांत,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी भावाचं अक्षर दिसलं म्हणून आनंदानं वाचायला घेतलं, आणि चौथ्या ओळीला डोकं फिरलं.

तू लिहितोस, "माझी बायको हप्त्यातले पाच दिवस बाजारात उन्हात बसत हुती. तिला म्हणं उन्हाचं व्हिटॅमिन कमी. आन एसीत बसणारा सायेब सांगणार, पुडी घ्या." वाचून क्षणभर मलाही पटलं, हे कबूल करते. पण काशम्मा बाजारात कशी बसते ते आठव. डोक्यावर ताडपत्री, ताडपत्रीखाली डोक्यावरून पदर, कोपराखाली येणारं पोलकं. चुरमुरे-फुटाण्याच्या टोपल्या उन्हात नि बाई सावलीत. पाच बाजार केले तरी अंगाला ऊन लागलं किती, तर मापानं फुटाणे घालताना मनगटाला लागलं असेल तेवढं. शिबिरात तिचं रक्त तपासलं त्यात कमी निघालं ते खोटं नव्हतं. चालताना तिचे गुडघे दुखायचे हेही खोटं नव्हतं.

पुढं तुझं दुसरं म्हणणं. कलेक्टर ऑफिसचा मेसेज येतो की दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, आणि आरोग्यवाले सांगतात उन्हात बसा. "आधी तुमी आपसात ठरवा, मग आमाला सांगा." यावर मी काय बोलू? एक मेसेज उष्माघाताचा, दुसरा हाडांचा. सकाळी बसायचं, दुपारी आत राहायचं, एवढी साधी गोष्ट आहे. मान्य, हे दोन्ही एका कागदावर लिहून द्यायला कुणाला सुचत नाही. आमच्या खात्यात प्रत्येक कागदाचं टेबल वेगळं असतं. मी पस्तीस वर्षं त्या टेबलांच्या मध्ये पळत होते, मला सांगू नकोस.

आणि तिसरं. तालुक्याच्या चौकशीच्या कागदात काशम्माबद्दल 'रुग्ण निरक्षर असल्याने सूचना समजली नाही' असं लिहिलं, तो कागद तू अजून पाकिटात घालून खिशात बाळगतोस म्हणे. "पाच गावच्या बाजारात माल उधार देऊन तोंडी ध्यानात ठिवणारी बाई. तिला अडाणी लिवून सायेब मोकळे."

त्यावर मला एवढंच म्हणायचं आहे की सरकारी कागदाची भाषा असते तशी ती असते. तिला शिवी समजू नये. आठवड्यातून एकदा, असं तिला स्पष्ट सांगितलेलं होतं. चाळीस बायकांना सांगितलं, बाकी कुणाला काही झालं नाही. स्पष्ट सांगितलेलं होतं.

तू काशम्माचा राग औषधावर काढतो आहेस आणि भरते आहे ती ऋतुजा. तिचा यात काय अपराध? ही पुडीही नाही. लहान मुलांचे थेंब असतात.

तुझी अक्का

ता. क. थेंबांवरून आठवलं. ऋतुजा वर्षाच्या आत असताना माझ्या जागी आलेल्या नव्या सिस्टरनं घरी आणून दिलेली थेंबांची बाटली तू उकिरड्यावर फेकलीस, हे मला आत्ता पायलकडून कळलं. ते थेंब चालू राहिले असते तर आज ही वेळच आली नसती. धन्य आहे तुझी.


सोलापूर, १९ एप्रिल २०२५

गुरुशांत,

आज मायन्याला जागा नाही, इतकी चिडले आहे.

त्रेचाळीस डिग्रीत, भर बाराला, सव्वादोन वर्षांच्या पोरीला अंगणात बाजेवर उघडं झोपवलंस. का, तर मोबाईलवर कुणीतरी भगवी कफनी घातलेला माणूस म्हणाला की बाराच्या उन्हातच खरं व्हिटॅमिन असतं, डॉक्टर लोक ते लपवून ठेवतात. सरकारवर तुझा विश्वास नाही, ठीक. पण ज्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, त्याच्यावर लगेच बसला. त्याला तू नाही विचारलंस, आधी आपसात ठरवा म्हणून.

पोरीला सडकून ताप भरला, उलट्या झाल्या. पायलनं रडत फोन केला. मी मिळेल ती एसटी पकडून आले. तीन तास धूळ खात, हातात जलसंजीवनीच्या पुड्या आणि थर्मामीटर, वय साठ. आणि तू दारात आडवा हात लावून उभा.

"अक्का, तू सरकारची हाईस. घरची न्हाईस."

शेजारची दोन माणसं बघत होती. आपली अव्वा गेल्यावर मी तुला आईसारखं हातानं भरवलं आहे, गुरुशांत. तुझ्या कानाला पीळ द्यायला मला आजही कुणाची परवानगी लागणार नाही. पण आतून पोरीचा रडका आवाज येत होता, म्हणून मी दारातूनच पायलला सांगितलं, कपडे सैल कर, ओल्या फडक्यानं अंग पूस, ह्या पुडीचं पाणी करून चमच्याचमच्यानं पाज. संध्याकाळी ताप उतरला हे पायलनं कळवलं. तू कळवलं नाहीस.

तुझ्यामागं काशम्मा उभी होती. तिला मी दोन वर्षांनी पाहिलं. हडकली आहे. माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, तू हलला नाहीस म्हणून तो तिच्या हातातच राहिला. पायल सांगत होती, दवाखान्यातून आल्यापासून तुम्ही तिला बाजाराला जाऊ देत नाही. पुण्याहून लेक फोनवर सांगतो, आईला आता कळत नाही, काय द्यावं काय घ्यावं, घरात बसू दे. तिच्या गोळ्याही पायलच्या ताब्यात. चहात साखर किती घालायची हेसुद्धा तिला विचारत नाहीत म्हणे.

हे मला माहीत नव्हतं.

ती माझ्याकडे बघत होती.

असो. ऋतुजाला दुपारी उन्हात ठेवू नकोस. हात जोडून सांगते.

अक्का


सोलापूर, ३ मे २०२५

चि. गुरुशांत,

तुझी अट पायलकडून कळली. "ज्यांनी माज्या बायकोला कागदावर अडाणी लिवलं, त्यांनी कागदावरच लिवून द्यावं की चूक आमची हुती. मग मी नातीला घेऊन सोलापूरला येतो. तवर न्हाय."

आता याला काय म्हणावं. पोरीचे पाय आणि कागद, दोन्ही एका तराजूत घालायचे? तालुक्यातले साहेब बदलून गेले, एक तर निवृत्त झाले. फाईल कुठल्या कपाटात आहे हे कपाटालाही माहीत नसेल. सरकार कुणाला 'चुकलो' म्हणून लिहून देत नाही रे. मी जन्म घालवला तिथं. चूक असली तरी देत नाही, आणि इथं तर त्यांची

अर्धवटच पाठवते आहे. आज लिहायला बसवत नाही. डॉक्टरांनी पायलनं पाठवलेले फोटो पाहिले. म्हणाले, पावसाळ्यापर्यंत थांबू नका.

अक्का


सोलापूर, ११ मे २०२५

चि. गुरुशांत,

मागचं पत्र जिथं तुटलं तिथून पुढं लिहिते. 'इथं तर त्यांची चूक नव्हतीच' असं लिहिणार होते. मग कुणाची होती, हे पुढच्या ओळीत लिहावं लागलं असतं, म्हणून पेन खाली ठेवलं. आठ दिवस झाले.

हे पत्र एकट्यानं वाचू नकोस. काशम्माला समोर बसव, पायललाही बसव, आणि मोठ्यानं वाच.

२०२२ च्या दिवाळीनंतरचं शिबिर आठव. उपकेंद्राच्या ओट्यावर चाळीस बायकांची रांग होती. ज्यांचं रक्त तपासून कमी निघालं होतं त्यांना आठ-आठ पुड्या मी देत होते. आठवड्याला एक, दुधातून. आता आपल्याकडच्या बायकांना 'दर सात दिवसांनी' सांगून उपयोग नसतो. वार चुकतो, दिवस चुकतो. म्हणून मी नोकरीभर एक युक्ती वापरायचे. आठवड्याचं औषध बाजाराच्या दिवसाला बांधायचं. गावचा बाजार आठवड्यातून एकदा, तो कुणी विसरत नाही. तेल-मीठ आणायचं त्याच दिवशी गोळी घ्यायची. मुलींच्या लोहाच्या गोळ्या मी अशाच खाऊ घातल्या. तालुक्याच्या मीटिंगमध्ये याबद्दल माझ्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या, दुसऱ्या सिस्टरांना हे शिकवायला मला उभं केलं होतं. फार अभिमान होता मला त्याचा.

त्या दिवशी चाळीसही बायकांना मी तेच सांगितलं. "बाजारादिवशी दुधातनं एक पुडी." आठवड्यातून एकदा, असे शब्द मी कुणापाशीच उच्चारले नाहीत. गरजच वाटली नाही.

काशम्मा रांगेत तिसाव्या-एकतिसाव्या नंबरावर असेल. तिनं पुड्या हातात घेतल्या आणि विचारलं, "कंच्या बाजारादिवशी अक्का?"

गुरुशांत, तिनं विचारलं होतं. जिचे आठवड्याला पाच बाजार, मैंदर्गीपासून वळसंगपर्यंत पाच गावं, तिनं बरोबर तोच प्रश्न विचारला जो विचारायला हवा होता. त्या चाळीस बायकांत तिला एकटीलाच तो पडला, कारण तिला एकटीलाच तो पडण्यासारखा होता. आणि मी तिची नणंद. तिच्या टोपलीतले फुटाणे मी फुकट खाल्लेत, तिचे पाच बाजार मला पाठ होते.

मी काय म्हटलं ते सांगते. उन्हं वर आली होती, रजिस्टर भरायचं होतं, माझं डोकं तडकलं होतं. मी म्हटलं, "बाजारादिवशी म्हंजे बाजारादिवशी. किती इचारतीस गं? मागं लाईन बघ की." मागच्या बायका हसल्या. काशम्मा खाली मान घालून बाजूला झाली.

तिनं मी सांगितलं तसं केलं. प्रत्येक बाजारादिवशी एक. आठ पुड्या संपल्यावर रिकामं पाकीट घेऊन तू औषधाच्या दुकानातून आणखी आणल्यास, कारण तेव्हा तुझा माझ्यावर विश्वास होता. अक्कानं सांगितलं म्हणजे झालं. तुझ्या हातानं आणून दिल्यास या विचारानं तुला झोप लागत नाही, हे पायलनं मला सांगितलं. ती झोप माझी जायला हवी होती.

पाडव्याच्या आधी ती आजारी पडली. सतत तहान, उलट्या, बरळायला लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी पुड्यांचा हिशोब विचारला, तेव्हा तिनं ग्लानीतही गावांची नावं सांगितली, एकामागून एक. ती नावं ऐकताच मला कळलं. त्या क्षणी कळलं. पुढं कधीतरी विचार करून कळलं असं नाही.

आणि मी गप्प बसले.

तू तक्रार दिलीस. तालुक्याचे दोघे साहेब जबाब घ्यायला वॉर्डात आले. माझ्या निवृत्तीला पाच महिने राहिले होते, पस्तीस वर्षांत एक शेरा नव्हता. त्यांनी काशम्माला विचारलं, सिस्टरनी काय सांगितलं होतं? मी तिच्या पायथ्याशी उभी होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. चांगला वेळ पाहिलं. आणि म्हणाली, "अक्कानं बराबर सांगितलं हुतं. माज्याच टकुऱ्यात शिरलं न्हाय."

साहेबांनी मान हलवली आणि माझ्या जबाबात लिहायला घेतलं. 'निरक्षर असल्याने' हे शब्द त्यांनी मला विचारून लिहिले. "असंच ना सिस्टर?" मी 'हो' म्हटलं. खाली सही माझी आहे. तुझ्या खिशातल्या कागदात ती दिसत नाही, कारण तुला दिलेला तो नुसता निष्कर्ष आहे. ज्या जबाबावरून तो काढला तो माझा.

तेव्हा तुझी अट मी पुरी करते. सोबत दुसरा कागद आहे. त्यात हे सगळं तारखेनिशी लिहून मी तालुक्याला पाठवलं आहे, पोच जोडली आहे. ते त्याचं काय करतील मला ठाऊक नाही. बहुतेक काहीच करणार नाहीत. पण तुला जे हवं होतं ते कागदावर आहे. काशम्माला सगळं कळत होतं. चूक माझी होती. सूचना चुकीची दिली मी, आणि प्रश्न विचारला म्हणून तिलाच गप्प केलं मी.

तुझा सरकारवरचा राग मला दोन वर्षं मूर्खपणाचा वाटत आला. पत्रांमधून तुला नाही नाही ते बोलले. तुझ्या घरात एक माणूस मरता मरता वाचलं, त्याचं खरं कारण तुला कुणी सांगितलं नाही, उलट दोष त्याच माणसावर ढकलला. मग पुढचं औषध तू उकिरड्यावर फेकलंस. मी तुझ्या जागी असते तर वेगळं काय केलं असतं? थेंबांच्या बाटलीवरून मी तुला टोमणा मारला, तो मागं घेते. ती बाटली फेकायला लावणारी मी आहे. ऋतुजाचे पाय वाकलेत त्यात माझा हात आहे, हे कळायला मला तिचे फोटो बघूनही दोन महिने लागले.

आता जो राग करायचा तो माझ्यावर कर. आयुष्यभर तोंड बघू नकोस, चालेल. पण औषधावर करू नकोस. डॉक्टरांकडे जा, आणि जाशील तिथं विचार. किती, कधी, किती दिवस, जास्त झालं तर काय, हे चार-चारदा विचार. कुणी वैतागलं तर वैतागू दे.

मी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, ती पायलला कळवते. मी तिथं येऊ नये असं वाटत असेल तर तसं सांग, मी येणार नाही.

अक्का


सोलापूर, २ जून २०२५

चि. गुरुशांत,

परवा तुम्ही सगळे येऊन गेलात. तू माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीस. दवाखान्याच्या बाकावर आपण दोघं दोन टोकांना बसलो होतो आणि मध्ये ऋतुजा माझ्या पिशवीची चेन उघडझाप करत होती. मला तेवढं पुष्कळ झालं.

तू डॉक्टरांना जे प्रश्न विचारलेस ते मी दाराबाहेरून ऐकत होते. थेंब रोज म्हणजे रोजच का? चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट द्यायचे का? बाटली बदलली तर मापही बदलतं का? किती झाले म्हणजे जास्त? मग तू खिशातून वही काढून सगळं लिहून घेतलंस आणि त्यांनाच वाचून दाखवलंस. ते मध्येच घड्याळाकडे बघू लागले, तरी तू थांबला नाहीस. पूर्वीची मी असते तर तुला बाहेरूनच हाक मारून उठवलं असतं. डॉक्टर म्हणाले, पाय सरळ व्हायला वर्ष-दीड वर्ष लागेल, पण होतील. थोडासा बाक राहिला तर राहील. सकाळचं ऊनही चालू ठेवा म्हणाले. हे शेवटचं ऐकून तू उघड्या दारातून माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलंस. बघ, मीही तुला तो मान देते.

महिन्यानं पुन्हा रक्त तपासायचं आहे. पायलला घेऊन ये. माझ्याकडे उतरा किंवा उतरू नका, पण जेवायच्या वेळेला बाहेरचं खात बसू नका, शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून आणीन. काशम्मा पुन्हा बाजाराला जायला लागली, हे पायलनं सांगितलं. तूच तिच्या टोपल्या टमटममध्ये चढवल्यास म्हणे. त्यावर मी काही बोलत नाही. बोलले तर तू थांबवशील.

एक गोष्ट मात्र तुला सांगायला हवी, कारण तेव्हा तू ऋतुजाला घेऊन मनगटाच्या एक्सरेला गेला होतास.

काशम्मा बाकावर माझ्याशेजारी सरकून बसली. मी तिला म्हटलं, मला माफ कर असं म्हणायलाही तोंड नाही. आणि हेही म्हटलं की त्या दिवशी साहेबांसमोर तू मला वाचवलंस, तुझं मन मोठं, म्हणून मी वाचले.

ती म्हणाली, "मन मोट्टं-बिट्टं कायबी न्हाय अक्का. मला लई राग आल्ता."

मी विचारलं, मग माझं नाव का घेतलं नाहीस?

ती पदरानं चेहरा पुसत बसली. मग म्हणाली, "मी घेटलं असतं तर तुमी न्हाय म्हणाला असता. आन मग तुमचं न्हाय खरं धरलं असतं, माजं व्हय न्हाय. म्हणून म्हनलं, तुमी सोताच घ्याल नाव. आज घ्याल, उद्या घ्याल. घरातले मला येडी म्हणायचे तवा रोज वाटायचं, आज अक्का यील आन सांगल. दोन वर्सं वाट बघितली की वो."

तेवढ्यात तू ऋतुजाला कडेवर घेऊन बाहेर आलास, आणि ती उठून तुमच्याकडे गेली.

अक्का